सुळेवाल्याच्या डगल्याखाली

भादव्याचं ऊन मोसंबीला मानवतं, माणसाला नाही. माणूस त्या उन्हात करपतो आणि फळाला मात्र रस चढतो. आंबे बहाराच्या, म्हणजे आंब्याच्या मोहराबरोबर फुललेल्या मोसंबीच्या बागा आता तोडीला आल्या आहेत. सकाळी आडतीचं शटर वर केलं की उतरवलेल्या मालाचा तो कडवट-गोड, ओलसर वास अंगावर येतो. याच दिवसांत आमच्या रस्त्याला गणपतीचा बाजार लागतो. मूर्तींच्या ओल्या रंगाचा वास, झेंडूचा वास, कापराचा वास. हे सगळे एकमेकांत मिसळले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. सून नातीला बजावते, "महालक्ष्म्या उठेपर्यंत आबांच्या वाटेला जाऊ नको." तिला वाटतं हंगामाचा ताण असतो. हंगामाचा ताण मला कधी आला नाही. मला या दिवसांत दिगंबर आठवतो. माझा लहानपणापासूनचा मित्र. निम्मं आयुष्य आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

यंदा तो जरा लवकर आठवला. त्याला कारण झाले प्लास्टिकचे दात.

बाजारात एका गाड्यावर खेळणी मांडली होती. पिपाण्या, गदा, मुकुट, आणि त्यांच्याच शेजारी एका पुड्यात काळा चकचकीत डगला आणि दोन लांब सुळे असलेली कवळी. नातीसाठी म्हणून मी ते हातात घेतलं.

"केवढ्याला?"

"चाचा, फिक्स रेट आहे," गाड्यावरचा माणूस म्हणाला.

"फिक्स तर मरणाचा दिवसही नसतो. बोल."

"माल पाह्यला का? दात बराबर बसतात."

"कोणाला बसतात? तुला बसवून दाखव."

त्याने खरंच ती कवळी तोंडात घातली, डोळे मोठे केले आणि माझ्या अंगावर वाकला. "भेले का?"

"भाव ऐकून भेलो," मी म्हणालो. तो हसला आणि हसला म्हणजे खाली आला. दुकानदार हसला की अर्धा सौदा झाला समजावं.

नातीने पुडा उघडला आणि ती म्हणाली, "आबा, हा तर किती क्यूट आहे." तिने मोबाईलवर त्याचं एक कार्टून दाखवलं. त्यात त्याचा दात किडतो आणि डॉक्टरकडे जायला तो रडतो. ती हसत होती. मी पाहत राहिलो. एका माणसाच्या हयातीत वाघाचं मांजर झालेलं मी पाहिलं. आता तो वेफरच्या पुड्यावर असतो, पोरांच्या टी-शर्टवर असतो, मोटारसायकलच्या मडगार्डवर असतो. सिरियलीत तो केसांना तेल लावलेला देखणा नवरदेव असतो आणि मुलगी त्याच्या पाठीमागे पळते, त्याच्यापासून नाही. रक्त पिणाऱ्या त्या सरदाराचं जगात फार मोठं नाव आहे. आमच्या गावाला ते नाव उच्चारता आलं नाही. आम्ही त्याला सुळेवाला म्हणायचो, आणि इथेही मी तसंच म्हणणार आहे.

आमचं गाव तीर्थपुरीपासून थोडं आत. आमच्या ऐन तरुणपणी एका वर्षी कुणीतरी भाड्याने व्हीसीआर आणला होता. शाळेच्या खोलीत भर दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि सगळं गाव दाटीवाटीने आत बसलं. घामाचा वास, पोत्यांचा वास, आणि पडद्यावर धुकं. त्या धुक्यातून डगलेवाला सरदार जिना उतरून आला तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या दिगंबरने माझं मनगट इतकं आवळलं की काचेच्या बांगडीसारखं फुटेल असं वाटलं. शेवट आम्हाला दिसलाच नाही. सुळेवाला मरायच्या आत लाइट गेली, आणि आली तेव्हा व्हीसीआरवाला गाडी भरून निघून गेला होता. तो लसणाला भितो एवढंच कळलं होतं. त्यावर एक म्हातारी बाहेर पडता पडता म्हणाली, "लसणाला भेतंय व्हय? मंग आपल्या गावात त्याला दुपारच्या भाकरीलाच मरण."

गणपतीत आमचं मंडळ दरवर्षी जिवंत देखावा करायचं. कुणी कृष्ण, कुणी कंस. त्या वर्षी पोरांनी ठरवलं, सुळेवाला करायचा. म्हातारी मंडळी चिडली. मग तोड निघाली की सुळेवाला आरतीच्या उजेडाने मरेल. म्हणजे देखावा संपला की लगेच आरती, आणि देवापुढे वाईटाचा नाश झाला, असं सगळं जुळून आलं. आजही मला वाटतं, त्या सिनेमाचा असेल तो शेवट असो, आमचा त्याच्याहून वाईट नव्हता.

सुळेवाल्याचं काम मला करायचं होतं. आवाज माझा मोठा होता. लोक त्याला राग म्हणतात, पण तो मुळात आवाजच आहे. उंचीही बरी होती. शिवाय देखावा करायची कल्पना माझी, वर्गणी मागत दारोदार मी फिरलेलो. पण डगल्याला काळं कापड पाहिजे होतं, आणि काळं कापड म्हणजे छत्र्या. मोठ्या, जुन्या, बांबूच्या दांड्याच्या छत्र्या होत्या त्या दिगंबरच्या घरी. त्याच्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्या दिल्या. बाबुमियाँ शिंप्यांनी कापड उसवून, जोडून डगला शिवला तो दिगंबरच्या अंगावर माप घेऊन. मी दुकानात गेलो तेव्हा काम होऊन गेलं होतं.

"चाचा, माप माझं घ्यायचं होतं," मी म्हणालो.

बाबुमियाँनी तोंडातली टाचणी काढली. "बेटा, छत्री ज्याची, पाऊस त्याचा. तू दूसरा काम कर."

असा मी देखाव्यातला दलाल झालो. मुळात ती गोष्ट एका घराच्या सौद्याची आहे, हे लोक विसरतात. सुळेवाल्याला परमुलखात जुनं घर पाहिजे असतं, आणि ते विकायला एक माणूस त्याच्याकडे जातो. तो माणूस मी. मी तेव्हा मोसंबीच्या धंद्यात नुकता पाय टाकत होतो, तरी मला त्या माणसाची चूक लगेच कळली होती. गिऱ्हाइकाच्या घरी मुक्काम करायचा नाही आणि त्याचं अन्न खायचं नाही. खाल्लं की भाव तुटत नाही. त्याने दोन्ही केलं.

पुढे आयुष्यात त्या गोष्टीचे बरेच अवतार टीव्हीवर येता-जाता पाहिले आणि माझी नजर नेहमी बाकीच्या माणसांवर गेली. वाटेवरचा खानावळवाला असतो. तो म्हणतो, तिकडे जाऊ नका, आणि खोलीचं भाडं मात्र घेऊन ठेवतो. घोडागाडीवाला असतो, तो अर्ध्या वाटेत उतरवतो. सुळेवाल्याचा एक नोकर असतो, मालकासाठी वेडा झालेला, आणि शेवटी मालकच त्याला मारतो. पिशवी घेऊन फिरणारा एक शहाणा म्हातारा असतो. त्याला सगळं माहीत असतं आणि तो प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचतो. एक मुलगी असते. तिच्यासाठी सगळे धावतात आणि तिला कुणी काही विचारत नाही. एवढ्या सगळ्यांच्या खांद्यावर ती गोष्ट उभी आहे आणि पुड्यावर चेहरा एकाचाच. आमच्या गावातही तेच झालं. आजही गावात दिगंबरला सुळेवाला म्हणतात. दलालाचं काम कुणी केलं होतं, हे विचारून पाहा.

दात कशाचे करायचे हा प्रश्न होता. तो मी सोडवला. हिरव्या मोसंबीची जाड साल घ्यायची, पांढरी बाजू बाहेर ठेवायची, सुरीने सुळे कोरायचे आणि ओठाखाली बसवायचे. लांबून हस्तिदंती वाटतात. कडू इतके की तोंडाला पाणी सुटतं. दिगंबरच्या हनुवटीवरून लाळ गळायची आणि लोकांना वाटायचं, काय काम करतोय. साखरेच्या पाकात कुंकू कालवलं की रक्त व्हायचं. आरती सुरू झाली की त्याला पालथं पडावं लागे, आणि पाकाच्या वासाने मुंग्या लागायच्या. मेलेल्या सुळेवाल्याला खाजवता येत नाही. आरती लांबली की मंडपात बसलेल्या आम्हा पोरांना त्याची पाठ थरथरताना दिसायची आणि आम्ही टाळ्या जास्त जोरात वाजवायचो.

सौद्याचा प्रवेश मात्र माझा होता. सिनेमात ते कागदावर सही करतात. मी म्हटलं, आपल्या गावात हे कोणाला पटणार नाही. आपल्याकडे सौदा कसा होतो? कापडाखाली. तेव्हा बैलबाजारात आणि फळांच्या लिलावातही हत्ता चालायचा. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं, आत बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. भोवती उभ्या माणसांना काही कळत नाही. शेवटी तळवा दाबला की सौदा पक्का. तोंडाने दिलेला शब्द फिरवता येतो, तळव्याचा नाही. मी म्हटलं, सुळेवाला डगला पसरेल, मी आत हात घालीन, आणि आम्ही वाड्याचा हत्ता करू. पहिल्याच दिवशी मंडपातून आवाज आला, "किती धरली रे, रंगनाथ?" आणि सगळा मंडप हसला. बैलबाजारातले जुने दलाल रोज पुढे येऊन बसायला लागले. ज्या गोष्टीची कल्पना माझी, तिनेच माझा घात केला.

त्या वर्षी मला दिगंबरची बाग पाहिजे होती. त्यांची बाग गावात सगळ्यांत देखणी. झाडांची खोडं चुन्याने रंगवलेली, फळ भरलेलं, गळ नाही. बाग उक्ती घ्यायची, म्हणजे झाडावरच्या सगळ्या मालाचा एकदाच सौदा करायचा. माझ्या आयुष्यातली ती पहिली बाग झाली असती. देखाव्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी दिगंबरला बांधावर गाठलं आणि माझा आकडा सांगितला.

"तात्यांना विचारतो," तो म्हणाला.

"कवा सांगशील?"

"सांगतो की आजच्या दिवसात. तू लईच घाई करतो."

त्या संध्याकाळी आजूबाजूच्या गावांची माणसं आली होती. मंडपाबाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर लागले होते. पिवळ्या बल्बभोवती किडे घोंगावत होते. सुळेवाला जिन्यावरून उतरून आला. जिना म्हणजे पेट्यांवर पेट्या. त्याने डगला पसरला, मी आत हात घातला. रोज तो नुसता हात ठेवायचा. त्या दिवशी त्याने माझी बोटं धरली. घट्ट. आणि जितकी धरली तितकाच माझा सकाळचा आकडा होता. मग त्याने तळवा दाबला. सोडेना. मला पुढचं वाक्य बोलायचं होतं, आणि आनंदाने ते माझ्या तोंडातून दोनदा निघालं. लोकांना वाटलं, दलाल घाबरला. मी घाबरलो नव्हतो. मला पहिली बाग मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तोडीची माणसं सांगून ठेवली, पेट्या आणल्या, पेट्यांत अंथरायला गवत आणलं. आणि विसर्जनाची मिरवणूक झाल्यावर कळलं की तात्यांनी बाग बाहेरगावच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली.

पारावर काय झालं ते गावातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. होतं. मी दिगंबरला घरून बोलावून आणलं. पारावर किसनबाबा होते, बैलबाजारातले सगळ्यांत जुने दलाल. तात्याही होते. मी सगळं सांगितलं.

किसनबाबांनी दिगंबरला विचारलं, "हात धरला का न्हाई?"

"धरला."

"तळवा?"

"दाबला."

"मंग आता कामून फिरला?"

दिगंबर खाली पाहत राहिला. तात्यांचा चेहरा उतरला. त्याने एक शब्द बोलावा म्हणून मी थांबलो होतो, असं मला आठवतं. कदाचित नसेनही थांबलो. मी म्हणालो, "याच्या हाताला हाड न्हाई. उद्यापासून याला कोणी हात देऊ नका."

मोठ्या आवाजाचा एक तोटा असतो. तो सगळ्यांना ऐकू जातो.

आमच्याकडे ज्याचा तळवा खोटा ठरला त्याच्याशी बाजार होत नाही. पुढे दिगंबर बैल घ्यायला गेला की समोरचा माणूस उपरणं काढायचाच नाही; म्हणायचा, तात्यांना पाठव. तात्या गेल्यावर त्याने मेव्हण्याला पुढे करून माल विकला. मेव्हणा साधा माणूस, त्याला कुणीही गुंडाळावं. एवढी देखणी बाग, आणि तिचा भाव नेहमी दुसऱ्याच्या हाताने ठरला. हे मला कळायचं. माझ्याच बाजारातून कळायचं. मी म्हणायचो, बराबर झालं.

मी वर आलो. सायकलवर बागा हिंडलो, मग मोटारसायकल, मग जालन्याला आडत. कुणाच्या बापाचं काही नव्हतं माझ्यामागे. आता तर भाव मोबाईलवर येतो आणि कापडाखाली हात घालायचं तरुण पोरांना माहीतही नाही. पण दरवर्षी भादव्यात बागा पाहायला त्या बाजूला जायचो, आणि दिगंबरच्या बागेवरून जाताना ड्रायव्हरला सांगायचो, जल्दी काढ. काच वर करायचो. काच वर केली तरी वास येतो. मोसंबीला काच कळत नाही.

खरं सांगायचं तर त्या बागेची भरपाई मी पुढच्याच एक-दोन हंगामांत केली होती. राग पैशाचा असता तर तो तिथेच फिटला असता. रात्री अंथरुणावर पडलो की मला ती पकड आठवायची. इतकी घट्ट, इतकी खरी. असा हात आयुष्यात नंतर मला कुणी दिला नाही, ना भागीदाराने, ना भावाने. आणि तोच खोटा निघाला, हे मला पचत नव्हतं.

यंदा महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी मी त्या शिवारात होतो. शेजारची एक बाग पाहायची होती. चिखलात गाडी फसली ती नेमकी दिगंबरच्या घरासमोर. ड्रायव्हर चाकाखाली दगड घालू राहिला आणि मी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिलो, जणू पाठ केली की माणूस दिसत नाही. मागून आवाज आला.

"भाऊजी, आज महालक्ष्मीचं जेवण हाय. दारावरून उपाशी जाऊ न्हाई."

दिगंबरची बायको, सुमनवहिनी. दारात परातभर फुलं घेऊन उभ्या होत्या. माणसाशी भांडण असतं, महालक्ष्मीशी नसतं. त्या दिवशी ताटाला नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी चपला काढल्या.

आत मखरात दोघी जणी नव्या साड्यांत उभ्या. आंबिलीचा, तळणाचा, केवड्याचा वास. टीव्ही चालू होता आणि दिगंबरची नात त्यापुढे बसून हसत होती. टीव्हीवर सुळेवाला नाचत होता. त्याचा डगला पंख्यात अडकला होता.

दिगंबर खुर्चीतून उठला नाही. केस सगळे पांढरे. "या, रंगनाथशेठ."

"शेठ कोणाला म्हणतो?"

"मंग काय म्हणू? रंग्या म्हणावं तर पोट एवढं पुढं आलंय."

मी बसलो. दोघंही टीव्हीकडे पाहत राहिलो. निम्म्या आयुष्यानंतर बोलायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी त्यानेच हनुवटीने टीव्ही दाखवला. "पाह्य. काय हाल केले बिचाऱ्याचे."

"तुझ्यापेक्षा बरं काम करतो."

"माझ्यासारखं काम कोणाच्या बापानं केलं न्हाई. बाया लेकरं घेऊन पळाल्या होत्या."

"त्या परसादाला पळाल्या होत्या."

तो हसला. तेच हसू. मला वाटलं, आत्ता विचारलं नाही तर मग नाहीच. "दिगंबर, एक विचारतो. तू हात दाबला तेव्हा बाग दिली होती का नव्हती?"

त्याने रिमोट उचलून आवाज बंद केला. "तुला अजून बागच पाह्यजे का?"

"खरं पाह्यजे."

"खरं सांगू? मला त्या टायमाला बाग हाय का वावर हाय, काही ध्यानात नव्हतं. पुढं हिचा बाप बसला होता, हिचा चुलता, अन् ही. मला पाह्यला आल्ते. अन् माझ्या तोंडात तू कोरलेले सालीचे दात. माझे पाय लटलट कापू राह्यल्ते. वाटलं, आता इथंच पडतो. डगल्यात तुझा हात आला, तो धरला. पडू न्हाई म्हणून धरला."

टीव्हीवर सुळेवाला मुकाट्याने नाचत होता.

"तू मला सांगितलं न्हाई पाव्हणे येणार म्हणून."

"सांगितलं असतं तर तू माझ्या लग्नाचाही भाव केला असता."

"मंग पारावर कामून बोलला न्हाई?" माझा आवाज चढला. नातीने वळून पाहिलं. "किसनबाबा विचारून राह्यल्ते. एक शब्द बोलायचा होता."

"काय बोलू? सुळेवाला भेला म्हणू? लेकरं मला पाहून रस्ता सोडायची तवा. हिच्या घरून होकार यायचा होता. म्हटलं, लबाड म्हणले तरी चालेल, भित्रा कोणी म्हणू न्हाई. दिवाळीपर्यंत विसरतील, असं वाटलं." त्याने मुक्या टीव्हीकडे पाहिलं. "आता कोण भेतंय त्याला. म्हणून सांगून राह्यलो."

"मला एकट्याला तरी सांगायचं."

"तू ऐकायला उभा कुठं राह्यला?"

सुमनवहिनी ताट घेऊन आल्या होत्या आणि दारातच थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, डगला हलू राह्यल्ता की. आम्ही पुढंच होतो. आमचे वडील तिथंच चुलत्याला म्हणले, पोरगं भेलंय, पर पळालं न्हाई. देऊन टाका पोरगी. हे यांला लग्नानंतर सांगितलं तर दोन दिवस जेवले न्हाईत."

"दोन न्हाई, एक," दिगंबर म्हणाला.

जे लपवायला त्याने सगळ्या बाजाराची पाठ पत्करली, ते पहिल्या रांगेला दिसलं होतं. तिच्या बापाला दिसलं, तिला दिसलं. मी तर त्या कापडाच्या आत होतो. त्याच्या सगळ्यांत जवळ मी होतो. माझ्या हातात त्याचा अख्खा हात कापत होता आणि मी बोटं मोजत होतो. मोजणं हाच माझा धंदा होता, तेव्हाही आणि पुढेही. हाताला हात लागला की आधी आकडा दिसतो. कितीतरी माणसांनी पुढे मला हात दिला असेल. कोण पडत होतं म्हणून, कोण एकटं होतं म्हणून. मी त्यांना किती भाव सांगितला, देव जाणे.

राग गेला असं नाही. राग अजून आहे, फक्त कुणावर ते कळत नाही. ज्याच्यावर इतकी वर्षं धरला तो समोर पांढऱ्या केसांनी बसलेला, आणि त्याची बाजारातली सगळी वर्षं दुसऱ्याच्या हाताने खर्च झालेली.

मी पाटावर बसलो. ताटात पुरणपोळी, कढी, भजी, वाटीत आंबील. मी म्हणालो, "जेवण झालं की पारावर जाऊ. जिथं बोललो तिथंच शब्द मागं घेतो. ज्यांच्यापुढं सौदा मोडला त्यांच्यापुढंच तो जोडायचा असतो, ही बाजाराची रीत आहे."

दिगंबर शेजारच्या पाटावर बसला. बसताना गुडघा धरला. "कोणापुढं घेतो? किसनबाबा गेले. तात्या गेले. त्या दिवशी पारावर होते त्यातले आपण दोघंच राह्यलो. आता तिथं मोबाईलला रेंज येते म्हणून पोरं बसतात."

मी ताटाभोवती पाणी फिरवलं.

"माझ्यापुढं घे," तो म्हणाला. "मी होतो की तिथं."

त्याने पहिला घास हातात धरला आणि तो वाट पाहत थांबला. मी तोंड उघडलं. या तोंडावर मी पोट भरलं, आडत उभी केली, भल्याभल्यांना भावावरून खाली उतरवलं. त्यातून एक शब्द येईना. सुमनवहिनी तुपाची वाटी घेऊन वाकल्या आणि माझ्या पोळीवर तूप सोडू लागल्या. पंगतीत वाढणारीला बस म्हणायचं असतं. मला तेही म्हणता आलं नाही, म्हणून त्या वाढतच राहिल्या. तूप पोळीवरून ताटात उतरलं, कढीच्या वाटीपर्यंत गेलं.

दिगंबरने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग ताटाकडे.

"पुरे कर," तो बायकोला म्हणाला, आणि त्याने घास तोंडात घातला.